जुन्या खोक्यातले ब्रेक

ती घटना आठवली की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. निवृत्त झाल्यावर तरी राग सोडा, असे घरचे सांगतात. हा राग मी सोडणार नाही.

वडिलांची बँकेतून बदली झाली म्हणून आमचे मराठी कुटुंब कोलकात्यात आले, आणि मी इथल्याच पोलीस दलात लागलो. निवृत्ती जवळ आली होती तेव्हा मी उत्तर कोलकात्यातल्या एका ठाण्याचा प्रमुख होतो. एका रविवारी सकाळी बागबाजारच्या वळणावर एक जुनी मोटार भाजीवाल्यांच्या रांगेत घुसली. गाडी जवळजवळ माझ्या वयाची, क्रोम चकचकीत, दारावर जुन्या गाड्यांच्या रॅलीचा क्रमांक. रोज पहाटेच्या लोकलने सियालदहला उतरून या वळणावर भाजी विकायला बसणाऱ्या एका बाईचा पाय चिरडला. गर्दीने चालकाला धरून चोपला. आम्ही त्याला सोडवून ठाण्यात आणले.

हा चालक पन्नाशीचा, मितभाषी बंगाली माणूस. जबाबात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता: "ब्रेक धोरछे ना, सार. ब्रेक लागतच नव्हता." नवे ब्रेक बसवल्यापासून पेडल दाबले की पार तळापर्यंत खाली जात होते, हे त्याने मालकाला दोनदा सांगितले होते. मालक म्हणाला, नवे भाग बसायला वेळ लागतो, तू गाडी रॅलीला पोहोचव.

मालक दुपारी आला. हे गृहस्थ मराठी, एका बड्या कंपनीतून निवृत्त झालेले. मराठी मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली होती, आणि ती त्यांनी खुर्चीत बसायच्या आधी काढली. चालक मोबाइलवर बोलत असणार, त्याला सवयच आहे, असे त्यांनी लिहून दिले. मोबाइलची माहिती मागवली, तर त्या वेळी एकही फोन झालेला नव्हता. हे सांगितल्यावर त्यांनी जिभेला हाड नसल्यासारखे सांगितले की मग झोपला असेल. हाच माणूस त्यांच्याकडे वर्षानुवर्षे गाडी चालवत होता.

मोटार वाहन निरीक्षकाने चाके उघडली. ब्रेकच्या सिलिंडरमधले रबर ब्रेक ऑइलमध्ये फुगून त्याच्या कडा उलटल्या होत्या. हे ऐकताच मालक उसळले. "अशक्य. माल जुना, अस्सल आहे. खोकं आहे माझ्याकडे." दुसऱ्या दिवशी ते खरोखरच खोके घेऊन आले, मखमली कापडात गुंडाळून.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांची ही एक गंमत आहे. आज बनवलेला सुटा भाग त्यांना कमअस्सल वाटतो. कुठल्या तरी बंद दुकानात पडून राहिलेला, पिवळ्या पडलेल्या खोक्यातला भाग दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. दाराच्या मुठीसाठी हे ठीक आहे. पण रबर पडून पडून मरते, हे सायकलची ट्यूब बदलणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. ब्रेकचे रबर चाळीस वर्षे जुने म्हणून जास्त किमतीला घेणारा शहाणा मी त्या दिवशी प्रथम पाहिला.

खोके मी मुद्देमाल म्हणून जप्त केले. पुठ्ठा तपकिरी, अक्षरे पुसट, कोपरे झिजलेले. पण जोडावरच्या पिना चकाकत होत्या. या शहराच्या दमट हवेत आमच्या फायलींच्या पिना एका पावसाळ्यात गंजतात. चाळीस वर्षांच्या खोक्याला कोरी पिन कशी?

मालकाने विक्रेत्याचे नाव सांगायचे टाळले. असा माल मिळायचे ठिकाण ही मंडळी एकमेकांनाही सांगत नाहीत. खबर मिळाली ती न्यू टाउनमध्ये नोकरी करणाऱ्या एका मराठी तरुणाकडून. तोही शौकीन. तसेच खोके त्याने घेतले होते आणि त्याच्याही गाडीचे पेडल खाली जात होते. शौकिनांच्या गटातले लोक आपल्याला वाळीत टाकतील या भीतीने तो आधी गप्प होता. वर्तमानपत्रात बाईचा फोटो पाहून त्याला राहवले नाही.

त्याने सांगितलेल्या दुकानावर आम्ही छापा घातला. मागच्या खोलीत एका पातेल्यात चहाचे काळे पाणी होते आणि दोरीवर नवी छापलेली खोकी त्यात बुडवून वाळत घातली होती. बाजूला ब्रेकच्या सिलिंडरमध्ये बसवायच्या स्वस्त रबरी वाट्यांचे पोते. चौकशीत विक्रेता आधी मृत मामाच्या बंद दुकानाची कथा सांगत राहिला. मी त्याच्यासमोर ओले खोके ठेवले, तेव्हा तो गडबडला नाही. उलट मलाच समजावू लागला.

"साहेब, हे ब्रेक चालवायला कोण घेतं? या गाड्या उभ्या करून दाखवायच्या असतात. लोकांना खोकं हवं असतं, मी खोकं देतो."

हात उचलायचा नाही हा माझा नियम होता. त्या दिवशी तो पाळताना मला खोलीबाहेर जावे लागले.

विक्रेत्यावर फसवणूक आणि लोकांचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा लागला. ब्रेक सदोष असल्याचे चालकाने सांगूनही गाडी रस्त्यावर पाठवली म्हणून मालकालाही मी आरोपी केले. "तुम्ही आपल्यातले असून असं करता?" असे ते म्हणाले. मी म्हटले, ब्रेक नसलेल्या त्या गाडीत तुम्ही आपल्यातला कोणी बसवला नव्हता.

चालकाचे नाव आरोपींतून वगळण्याचा आदेश न्यायालयातून आला, तेव्हा मी बाईचा पुरवणी जबाब घ्यायला रुग्णालयात होतो. तिचा पाय कापावा लागला होता. चालक सरळ तिथेच आला. परवाना परत मिळाल्याचा आनंद त्याच्या तोंडावर नव्हता. खाटेपाशी उभा राहून तो म्हणाला, "दीदी, मी ब्रेक दाबला होता."

बाई म्हणाली, "पाहिलं मी. तू उभा राहून दाबत होतास."

तो तिथेच खाली बसला आणि रडला. तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मी तिचे ते वाक्य जबाबात लिहून घेतले.

अपघात झाला की गर्दी चाकामागच्या माणसाला धरते, आणि ठाण्यात आल्यावर मालकही बोट त्याच्याकडेच दाखवतो. ही गाडी चालवू नये, असे कोणी म्हटले होते का आणि त्याला कोणी गप्प बसवले, हा प्रश्न आधी विचारायचा, हे मला या तपासाने शिकवले. मालक त्या बाईला भेटायला एकदाही गेले नाहीत. माझ्याकडे मात्र ते तीनदा आले, ठाण्याच्या अंगणात ऊन लागून गाडीचा रंग जातोय, ती कधी सोडणार हे विचारायला.