ठिबकवर आलेला तारामासा

आमच्या कळंबहून समुद्र गाठायचा तर अख्खा सह्याद्री उतरावा लागतो. तरी मला हौस खाऱ्या पाण्याचीच. पन्नाशीत लोक गुडघे सांभाळतात, मी बाहेरच्या खोलीत काचेच्या टाकीत प्रवाळ सांभाळत बसलो. बायको येईल त्याला सांगायची, "शेततळ्यातलं मासं जगलं न्हाईत ह्यांच्यानं, आता घरात समुद्र पाळलाय!"

पहिला तारामासा पुण्याहून आणला, तेव्हा त्याचं स्वागत नव्या सुनेसारखं झालं. पिशवीतून काढून मी तो तळहातावर गल्लीभर मिरवला. गल्लीतल्या काकीनं त्याला हळदकुंकू वाहिलं. मग टाकीत सोडला. चौथ्या दिवशी त्याचे हात गळाले आणि तो गेलाच. दुकानदार फोनवर म्हणाला, "काका, त्याला हवा लागू द्यायची नसते. आणि नवं पाणी थेंबाथेंबानं द्यायचं, तीन तास."

बायकोनं निकाल दिला, "अजून एक आणा. त्यो मेला, की त्या टाकीत मी म्हशीची पेंड भिजवणार."

दुसरा आणला. पिशवी बादलीतच अलगद मोकळी केली आणि टाकीतलं पाणी चमच्यानं त्यात घालत बसलो. पाव तासात कंबर धरली. शेजारी दारातून म्हणाला, "राव, टोमॅटोलाबी चमच्यानंच पाजता का?"

वीस वर्षं ठिबकवर टोमॅटो काढणारा मी, आणि हे सुचलं शेजाऱ्याला! गाडी काढून शेताकडे निघालो, तर बायकोनं हटकलं, "तिथली नळी नका आणू, खत असंल तिच्यात. माळ्यावर कोरी हाय."

टाकीतून बादलीत नळी सोडली, कॉक पिळला. टप्, टप्. तेवढ्यात काकी तबक घेऊन हजर. मी दोन्ही हात पसरून आडवा आलो. "काकी, लांबून! ह्याला हात न्हाई लावायचा."

"बरं बाबा," म्हणत तिनं टाकीच्या काचेलाच कुंकू लावलं.

टाकीत गेल्यावर तीन दिवस पठ्ठ्या दगडामागून हलला नाही. मला सगळीकडे पेंड दिसू लागली. चौथ्या दिवशी मी गोठ्यात असताना बायको ओरडली, "अहो, चढला! काचेवर चढला!"

शेणाच्या पायांनी धावलो. कुंकवाच्या वर वीतभर, पाचही हात पसरून, साहेब बसलेले!

त्याला वर्ष होऊन गेलं. शेजारी आता पावण्यांना घेऊन येतो, "आमच्या भावानं समुद्र ठिबकवर आणलाय." आणि कुणी काचेवर टकटक केलं, तर माझ्या आधी बायकोच डाफरते.

पेंड अजून जुन्या घमेल्यातच भिजते.