भाऊजींचा राहिलेला खुलासा

ताईचा फोन आला तेव्हा मी मनीषनगरच्या घरी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. "शोभा, तुझे भाऊजी उठून नाही राहिले वं," एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, अगं समोरच्या दवाखान्यात ने, मी निघालेच. त्यावर ती म्हणाली, "नेऊन आणलं." पुढं तिनं फोन कानापासून बाजूला केला असावा, कारण नुसता माणसांचा गलका ऐकू येत राहिला... धंतोलीत ज्याच्या फाटकातून डावीकडं बघितलं तरी दवाखाना आणि उजवीकडं बघितलं तरी दवाखाना, त्या माणसाला रस्ता ओलांडेपर्यंतही सवड मिळाली नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहावं म्हणतात. मला ते जमत नाही. भाऊजी मला मिरची म्हणायचे, ते उगाच नाही.

यशवंत भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुनंदाताईचे यजमान. सरकारी नोकरीतून निवृत्त झाले आणि वडिलांनी बांधलेल्या घराच्या मागच्या ओळीतल्या खोल्या त्यांनी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. भाडेकरू म्हणजे कोण, तर दवाखान्यात भरती असलेल्यांची माणसं. यवतमाळ, वणी, गडचिरोलीकडून यायची, हातात एक पिशवी आणि तोंडाची कळा गेलेली. कोणी चार दिवस राहायचं, कोणी दोन महिने. खोलीत गॅसची शेगडी, कुकर, दोन पातेली, एक पलंग आणि खाली टाकायला सतरंज्या. सकाळी मागच्या अंगणात गेलं की प्रत्येक खोलीतून मऊ खिचडीचा वास यायचा. भाऊजी समोरच्या पडवीत खुर्ची टाकून बसायचे आणि दवाखान्यातून परत येणाऱ्या माणसाची चाल बघून आज कसं आहे ते ओळखायचे. "आज बरं दिसते," असं ते ताईला आत सांगायचे, किंवा काहीच सांगायचे नाहीत. काही सांगितलं नाही की ताई चहा ठेवायची.

त्यांची एक पद्धत होती. रोगी बरा होऊन घरी निघाला तर हिशेब रीतसर व्हायचा. पण रोगी गेला, तर त्या दिवसाचं भाडं भाऊजी घेत नसत, आणि अनामत म्हणून ठेवलेली रक्कम पूर्ण परत देत. तीसुद्धा रोख, हातात, आणि उभं राहून. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, भाऊजी, तुम्ही धर्मशाळा काढली का? तर म्हणाले, "शोभा, त्याले आता गाडीवाल्याले द्यायचं असते, गावी गेल्यावर लाकडाचं द्यायचं असते. दुःखाच्या माणसाले कोणापुढं हात पसरायले लावू नये." घरातच ते त्यासाठी थोडी रोकड वेगळी ठेवत. पावती वगैरे काही नाही. मयताच्या माणसाकडून सही घ्यायची, ही कल्पनाच त्यांना ओंगळ वाटायची.

मग पल्लवी, त्यांची मुलगी, पुण्याहून आली आणि तिनं फाटकाजवळ पैसे घ्यायचा तो चौकटी-चौकटीचा फलक लावून दिला. आजकाल खेड्यातला माणूसही खिशात नोटा ठेवत नाही, फोन काढतो. भाऊजींना आधी ते पटलं नव्हतं, पण एकदा पटल्यावर माणूस असा रंगला की विचारू नका! पैसे आल्याचा आवाज फोनमधून झाला की लहान पोरासारखे माझ्याकडं बघायचे. आयकराचं विवरणही त्यांनी स्वतः संगणकावर भरायला शिकून घेतलं. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. मी म्हटलं, काय हो, साहेब कॅमेऱ्यातून बघणार आहे का तुम्हाला? "बघू दे ना. आपल्याजवळ लपवायले काय आहे?" असं म्हणून त्यांनी छाती पुढं काढली होती. त्यांना गर्व कशाचा असेल तर फक्त याचाच. उभ्या आयुष्यात एक पैसा लपवला नाही, कोणी चोर म्हणू शकत नाही... हे वाक्य त्यांच्या तोंडून आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की मी त्यांची नक्कल करायची आणि ते हसायचे.

आणि घोळ नेमका तिथंच झाला. अनामत यायची फोनवरून, म्हणजे सरळ बँकेच्या खात्यात. परत जायची रोख, भाऊजींच्या हातातून. येण्याची नोंद होती, जाण्याची कुठंच नव्हती. विवरणात त्यांनी खरं तेच भाडं दाखवलं होतं. पण खात्यात जमा झालेलं त्याहून बरंच जास्त दिसत होतं, कारण धंतोली आहे ती, तिथं माणसं बरीही होतात आणि जातातही. एक दिवस नोटीस आली. कागदही नाही, फोनमध्येच. जास्तीची रक्कम उत्पन्नात का दाखवली नाही, याचा खुलासा मुदतीच्या आत पोर्टलवर पुराव्यासह करावा. भाऊजींनी ती मला वाचून दाखवली आणि 'खुलासा' हा शब्द दोनदा वाचला.

सदर भागातल्या एका सीएकडं आम्ही दोघं गेलो. पोरगा वागायला चांगला होता. त्यानं खातं बघितलं आणि म्हणाला, "काका, एटीएममधून तुम्ही पैसे काढले हे दिसून राहिलं. पण ते कोणाले दिले हे कुठं दिसते? ज्यांना ज्यांना वापस केले त्यांच्याकडून एक एक ओळ लिहून मागवा ना. सही करून फोटो पाठवा म्हणा. रोगी वारल्यामुळं अनामत परत मिळाली, एवढंच लिहायचं. मामला खतम." त्याच्या दृष्टीनं खरंच मामला खतम होता. भाऊजी जिना उतरताना मधेच कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "शोभा, मी त्या लोकायले फोन करून काय म्हणू?"

तरी त्यांनी केले. नाव निर्दोष ठेवायचं होतं ना! मी शेजारी बसले होते, म्हणून सांगते. पहिला फोन वणीच्या एका माणसाला. भाऊजींचा आवाज ऐकून त्याला आनंद झाला, मग काम कळल्यावर तो म्हणाला, "लिहून देतो भाऊ. पण ती गेली हे माह्याच हातानं लिहा लागते का?" भाऊजींनी त्याला राहू द्या म्हटलं. दुसरा फोन एका तरुण पोरानं उचलला. त्याच्या वडिलांच्या वेळी भाऊजी घाटावर गेले होते, पण हा पोरगा तेव्हा बाहेरगावी होता. सही, फोटो, बँक हे शब्द ऐकले आणि तो उसळला. "काका, फ्रॉड करायले मेलेल्या माणसाचं नाव घेता का? पोलिसात देईन!" पुन्हा लावला तर नंबर बंद करून टाकलेला. भाऊजींचे कान लाल झाले होते. मला म्हणाले, "त्याची चूक नाही. आजकाल असेच फोन येतात."

तिसरा फोन गडचिरोलीकडच्या कौशल्याबाईंना. नवरा इथंच गेला होता तिचा. तिला कमी ऐकू यायचं की तिकडं आवाज नीट पोचत नव्हता, कोण जाणे. पैसे, वापस, लिहून, असे तुकडे तेवढे तिनं ऐकले असावेत. ती रडायलाच लागली. "आता कुठून देऊ भाऊ? खर्च झाले ना ते. तुम्हीच तं देल्ले होते..." भाऊजी ओरडून ओरडून सांगत होते, नाही बाई, मांगून नाही राहिलो, नाही मांगून राहिलो. फोन तुटला. नंतर तो लागलाच नाही, दुसऱ्या दिवशीही नाही आणि त्यानंतरही नाही. त्यांनी यादी बाजूला सारली. एकाही माणसाला त्यांनी पुन्हा फोन केला नाही, आणि मी करते म्हटलं तर माझ्यावर चिडले. इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदा चिडले.

मग एकच वाट उरली. ती रक्कम आपली कमाई होती असं कबूल करायचं, कर आणि दंड भरायचा आणि मोकळं व्हायचं. ताईनं हात जोडले, पल्लवीनं पुण्याहून समजावलं, पैसे मी भरते म्हणाली. भाऊजी रोज पोर्टल उघडून बसायचे. शेवटी एक चौकट असते, वरील माहिती खरी आणि बरोबर आहे असं मी जाहीर करतो, तिथं टिचकी मारायची. तिथं आले की हात थांबायचा. "हे खरं नाही आहे ना पण," असं ते पडद्याशीच बोलायचे. बसून बसून पोर्टल आपोआप बंद व्हायचं. खरं सांगावं तर पुरावा नाही, आणि पुरावा आणावा तर दुखावलेल्या माणसांना पुन्हा दुखवावं लागतं. खोटं सांगितलं तर सगळं सोपं, पण ते त्यांना येत नव्हतं. त्यांनी पडवीत बसणं सोडलं. खोल्यांमधली माणसं दवाखान्यातून यायची-जायची आणि बाहेर खुर्ची रिकामी असायची. जेवण तुटलं, झोप तुटली. डॉक्टर म्हणाले, वय झालं. मी म्हणते, चांगला धडधाकट माणूस या एका गोष्टीनं आतून कुरतडून खाल्ला. कोणाला दोष देऊ? नोटीस पाठवणाऱ्या यंत्राला तोंड नाही, सीए वाईट नाही, ती माणसं तर बिचारी... ज्याच्यावर ओरडावं असं समोर कोणीच नाही, याचाच मला जास्त राग येतो.

भाऊजी गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि मागोमाग पोर्टलचा संदेश आला, त्यांच्याच नावानं, प्रिय करदाते. मेलेल्या माणसाच्या जागी वारसानं नोंदणी करायची असते, ती पल्लवीनं केली, मृत्यूचा दाखला चढवला. ताई म्हणाली, "आता कोणाशी भांडू वं मी? भरून टाका." तेव्हा एका दुपारी पल्लवीनं ते लिहिलं: जमा झालेली सर्व रक्कम भाड्याचं उत्पन्न होती, ती दाखवायची राहून गेली. लिहिताना तिचे डोळे वाहत होते, मी पाठीवरून हात फिरवत होते. तिनं त्या चौकटीत टिचकी मारली. हिरवी खूण आली. भाऊजी महिनोन् महिने जिथं अडले, ते पाच मिनिटांत झालं.

गेल्या आठवड्यात मी ताईकडं होते. फाटक वाजलं. एक बाई पडवीत येऊन उभी राहिली, एसटीचा सगळा प्रवास अंगावर. कौशल्याबाई. मी ओळखलं नाही, ताईनं ओळखलं. तिनं कमरेच्या पिशवीतून नोटा काढल्या आणि भाऊजींच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवल्या. "भाऊले द्या. उशीर झाला. शेळ्या विकाच्या होत्या, भाव येऊन नव्हता राहिला." ताईला रडूच फुटलं. मी कौशल्याबाईला आत आणलं, फोटो दाखवला. ती फोटोसमोर खाली बसली. मग म्हणाली, "त्यायनं कधी मांगितलं नसतं. मांगितलं म्हणजे मोठी गरज असन, म्हणून आली मी."

ताईनं खुर्चीवरच्या नोटा आत आणून तिच्या हातात कोंबल्या. "मांगत नव्हते वं बाई ते. पैसे नको होते त्यायले. तुही सही पाहिजे होती फक्त."

"सही? कायची?"

"अनामत वापस केली म्हणून."

कौशल्याबाईला काही समजेना. ती एकदा ताईकडं, एकदा माझ्याकडं बघू लागली. "केलीच तं होती. माह्या हातात देल्ली उभं राहून. कोण म्हणते नाही केली?"

आम्हीच म्हटलं होतं. तेही लिहून.