बायकोच्या नावावर मोडलेला सौदा

पांढुर्ण्याच्या सरांची गाडी मी घेणार होतो. सर पूर्वी आमच्या शाळेत गणित शिकवायचे. काकू गेल्यापासून ते एकटेच होते, आता कायमचे मुलीकडे भोपाळला निघाले होते. गाडी ओळखीच्या घरात जावी, एवढीच त्यांची इच्छा. मी बयाणा दिला. त्यांनी समोरच्या काचेजवळचा जामसांवलीचा हनुमान काढून घेतला, सीटकव्हर धुतले आणि बोरगावहून आलेल्या गिऱ्हाइकाला गाडी गेली म्हणून परत पाठवलं.

मग नागपूरचा साळा आमच्याकडे सौसरला आला. चहा पिताना म्हणाला, "जिजाजी, पगार सरकारी अन् गाडी म्हाताऱ्याची? लोक हात दाखवून विचारतील, छिंदवाड्याची सवारी घेता का म्हणून." सगळे हसले, मीही हसलो. आणि काही दिवसांतच त्याच्यासोबत जाऊन नवी गाडी बुक करून आलो.

सरांना खरं सांगता आलं असतं. नवी घेतो आहे, चुकलो, बयाणा ठेवून घ्या. पण मला बयाणाही बुडायला नको होता आणि त्यांच्या नजरेतून उतरायचंही नव्हतं. म्हणून फोनवर बायकोला पुढे केलं. घरून नाही म्हणून राहिली, म्हणालो. काकूंना शेवटच्या वेळी नागपूरला याच गाडीतून नेलं ना, ते तिच्या मनात बसलं आहे.

सर म्हणाले, "बरोबर आहे तिचं. माझ्याच ध्यानात नाही आलं." त्याच संध्याकाळी त्यांनी पूर्ण बयाणा परत पाठवला. मी तो घेतला.

त्या प्रवासात काकूंचं डोकं मांडीवर घेऊन माझी बायकोच बसली होती. काकू वाटेतच गेल्या. तरी ती गाडी आपल्याकडे येणार म्हणून सगळ्यात जास्त आनंद तिलाच होता. तिला मी सांगितलं होतं, सरांचा विचार बदलला.

पुढे एका शनिवारी जामसांवलीला दर्शनाच्या रांगेत सर भेटले; गाडी विकली न गेल्याने त्यांचं भोपाळला जाणं अडलं होतं. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले.

"पोरी, तुझ्या मांडीवर गेली ती, अन् तुलाच त्या गाडीत बसवायला निघालो होतो मी. माफ कर. आता येणाऱ्या प्रत्येकाला पहिले तेच सांगतो. कोणी घेत नाही, ते जाऊ दे."

तिने माझ्याकडे पाहिलं, वाकून त्यांच्या पाया पडली. परतताना नव्या गाडीत ती मागे बसली. बोरगाव गेल्यावर म्हणाली, "तिथं मी काही बोलली नाही. आता तुम्ही जाऊन सांगा."

मी गेलो. साळ्याच्या थट्टेपासून सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बायकोचा बोल आपल्या अंगावर घेऊन राहिला तू. चांगला नवरा आहेस. पण मला राग नाही रे तिचा."

खरं तेच सांगतोय म्हणून मी शपथ घेतली. ते फक्त हसले आणि चहा टाकायला आत गेले. गाडी शेवटी त्यांनी भंगारात दिली, तीही भंगारवाल्याला सगळं सांगून.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "काय म्हणाले?"

मी म्हणालो, राग नाही म्हणाले.


कोणावर, ते मी सांगितलं नाही.