बिघाडाच्या डब्यातला आवाज

फोटोवालीच्या दुकानात माणूस शिरला की त्याचं बोलणं उंबऱ्याबाहेर राहायचं. मागे पांढरा पडदा, पुढे गोल स्टूल, दोन्ही बाजूंना छत्रीसारखे दिवे. "हनुवटी वर. डोळे उघडे. हलू नका, बोलू नका." एकतीस वर्षं ती हेच म्हणत आली होती. परवान्यासाठी, पासासाठी, पेन्शनसाठी साऱ्या गावाचे चेहरे तिच्या कात्रीखालून गेले होते. आणि इतके चेहरे कापून झाल्यावर एक गोष्ट तिच्या मनात पक्की बसली होती. नुसत्या चेहऱ्यावरून माणूस ओळखू येत नाही.

माणसाची ओळख पटते ती पाठीवरून, चालीवरून, जिन्यातल्या खोकल्यावरून. हे सांगून कुणाला पटेना. म्हणून चाळिशी उलटल्यावर तिने जुना व्हिडिओ कॅमेरा मिळवला आणि लहान लहान फिल्म करायला लागली. शिकवणारं कोणी नव्हतं; पडत-धडपडत शिकली. एक फिल्म तीन मिनिटांची. त्यात गोष्ट नाही, गाणं नाही. पोस्टमनची भिंतीवरून सरकणारी सावली, आणि आवाज त्याच्या म्हाताऱ्या आईचा, त्याला जेवायला बोलावणारा. शिंपिणीचे हात, आणि आवाज तिच्या घरच्या गळक्या नळाचा. चित्र एका जागचं, आवाज दुसऱ्या जागचा. दोघांची गाठ ती आपल्या हाताने बांधायची.

वाचनालयात तिने एकदा चार फिल्म दाखवल्या. शेवटची संपल्यावर पोस्टमन हळूच म्हणाला, "ताई, छानच आहे. पण सुरू कधी होते?" सगळे हसले. तीही हसली. मात्र दुसऱ्या दिवशी पोस्टमनची आई दुकानात आली आणि म्हणाली, "माझ्या पोराची सावली मला परत एकदा बघायचीये." फोटोवालीला तेवढं पुरलं.

आवाज टिपायचा टेपरेकॉर्डर धरायला तिचा थोरला भाऊ असायचा. इंजिनं दुरुस्त करण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. गाव त्याला भोंगा म्हणायचं. तो गॅरेजात बोलला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री उठून बसायची. भोंग्याला तीन मिनिटं गप्प ठेवायचं म्हणजे वाऱ्याची मोट बांधायची. दर फिल्मच्या शेवटी तो न चुकता ओरडायचा, "झालं का गं?" आणि तेवढा तुकडा ती दरवेळी नीट कापून फेकून द्यायची.

एकदा मात्र कापायलाही काही उरलं नाही. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांच्या दुकानात तिला फक्त टिकटिक हवी होती. अर्धं मिनिट जातंय तोच भोंगा सुरू झाला.

"काका, हे तर आमच्या सासऱ्यांचं घड्याळ! चालू केलंत की काय? अहो, बंदच राहू द्या. ते परत आले तर मला पहाटे उठवतील!"

पुढची अडीच मिनिटं त्याने सासऱ्यांचं सगळं चरित्र सांगितलं. फोटोवाली संतापली. "दादा, तुझ्या जिभेला हाड नाही!" आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. त्या कॅसेटवर तिने 'बिघाड' असं लिहिलं आणि ती काउंटरखालच्या पत्र्याच्या डब्यात टाकली.

पाच वर्षांनी भोंग्याच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्रच काढावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. त्याची बायको दुकानात आली आणि स्टुलावर बसली.

"वन्सं, यांचा आवाज धरून ठेवा. जन्मभर कानठळ्या बसवल्यात. आता घर मुकं झालं तर मी ऐकू काय?"

दवाखान्यात जायच्या दिवशी दुपारी भोंगा आला. धुतलेला सदरा, चापून बसवलेले केस. आवाज आधीच घोगरा झाला होता.

"गॅरेजातल्यासारखं बोलू की दवाखान्यातल्यासारखं?"

"काहीही बोल. तुझ्यासारखं बोल."

तिने टेप चालू केला, कॅमेरा चालू केला, त्यामागे वाकून एक डोळा मिटला. आणि एकतीस वर्षांच्या सवयीने जीभ आपल्या वाटेने गेली. "हनुवटी वर. डोळे उघडे. हलू नका, बोलू नका."

भोंगा गप्प बसला. ओठ घट्ट मिटून, सरळ समोर बघत. शब्द जुळवत असेल, असं समजून ती वाट बघत राहिली. बाहेर दवाखान्यात न्यायला आलेल्या गाडीने हॉर्न वाजवला. तीन मिनिटं झाली तशी तिने दोन्ही यंत्रं बंद केली, तेव्हा त्याने मान सैल सोडली.

"बघ," तो म्हणाला, "या वेळी नाही बिघडवली."

आपण काय बोलून बसलो ते तिला तेव्हा कळलं. पण त्याच्या तोंडावर असा अभिमान होता की 'आता परत बोल' म्हणायला तिची जीभ उचलेना. दवाखान्यात आवाज टिपून घेऊ, असं तिने मनाला समजावलं. तिथे दारातूनच त्याला आत नेलं, आणि भेटायला कुणालाही सोडलं नाही.

भोंगा घरी आला तो गळ्याशी पट्टी आणि हातात पाटी घेऊन. वहिनीने विचारलं, "वन्सं, आवाज?"

"माझ्या जिभेने खाल्ला, वहिनी," ती म्हणाली. तिने काही लपवलं नाही. वहिनीने पाटीला खडू बांधायला घेतला. तो मार जास्त लागला.

मग फोटोवालीने सगळ्या कॅसेट ऐकल्या. कुठे भावाचा श्वाससुद्धा नव्हता. इतकी सफाई स्वतःच्याच हातची! चौथ्या दिवशी दिव्याची तार शोधताना पत्र्याचा डबा हाताला लागला.

रविवारी तिने दोघांना बोलावलं. भोंगा स्टुलावर, वहिनी दारापाशी. पांढऱ्या पडद्यावर भोंग्याचा चेहरा उमटला, ओठ मिटलेला, धुतलेल्या सदऱ्यातला. मागे घड्याळांची टिकटिक. आणि मग दुकानाच्या काचा हादरल्या, "काका, हे तर आमच्या सासऱ्यांचं घड्याळ!"

वहिनीने दोन्ही हात तोंडावर घेतले. भोंगा हललाही नाही. सासरे जन्मले, भांडले, वारले. पडद्यावरचे ओठ मिटलेलेच. संपल्यावर त्याने पाटी ओढली.

'ओठ हलत नाहीत. काम कच्चं.'

"जुळवायचंच नव्हतं, दादा."

त्याने पाटी पुसली. मग लिहिलं, 'किती बोलायचो मी.'

"बोलायचात," दारातून वहिनी म्हणाली.

भोंग्याने एक बोट वर केलं. आणखी एकदा. फोटोवालीने फिल्म पुन्हा लावली. टिकटिक सुरू झाली आणि भोंग्याने डोळे मिटून घेतले.

त्या स्टुलावर बसलेल्या माणसाला 'डोळे उघडे' असं ती पहिल्यांदाच म्हणाली नाही.