शिक्केवाल्या मावशीचं इंग्रजी

माझी मावशी रबरी शिक्के बनवते. शाळा सातवीपर्यंत, पुढचं सगळं शिक्षण शिशाच्या खिळ्यांवर, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांवर. खिळ्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी उलटी असतात, त्यामुळे इंग्रजीही ती उलटंच शिकली. अजूनही एखादा लांबलचक इंग्रजी शब्द अडला की ती कागद आरशासमोर धरते आणि घडाघडा वाचून मोकळी होते.

तिचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. खिळ्यांचे खण, एक गरम दाबयंत्र, आणि तिला स्वतःला वळायला जेमतेम जागा. पण हट्ट मोठा: अर्थ कळल्याशिवाय शब्द जुळवायचा नाही. गिऱ्हाईक आलं की ती आधी विचारणार, "म्हणजे काय?" आणि मिळेल ते उत्तर जाड वहीत उतरवून ठेवणार. त्यातही तिचा जीव जुळ्या शब्दांवर, दिसायला सारखे आणि वागायला वेगळे अशांवर. 'हिअर म्हणजे कानावर पडणं, लिसन म्हणजे कान देणं.' 'सी म्हणजे दिसणं, लुक म्हणजे बघणं, वॉच म्हणजे कामधंदा सोडून बघत बसणं.' हे शेवटचं समोरच्या सलूनवाल्याने सांगितलेलं, आणि त्याला त्यातला अनुभव दांडगा.

नवी जोडी सापडली की तिचा आनंद पोटात मावायचा नाही. मला भर कामात फोन यायचा, "अगं, चाइल्डिश वेगळं आणि चाइल्डलाइक वेगळं! एकाला धपाटा, दुसऱ्याला पापा!" आणि फोन बंद.

मी तेव्हा पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात आवक टेबलावर होते. येईल तो अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, एक प्रत अर्जदाराला द्यायची. आमचा 'रिसीव्ह्ड'चा शिक्का झिजून झिजून निम्मा बोळका झाला, तेव्हा हेडक्लार्क मला घेऊन स्वतः मावशीकडे गेले. आम्ही त्यांना पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणायचो. कारण ऐकाच.

"बाई, शिक्का हवा, मोठा, भारदस्त, 'अ‍ॅक्सेप्टेड', असा."

मावशीने चष्मा कपाळावर सरकवला. "जुन्यावर तर रिसीव्ह्ड होतं ना?"

"तेच ते."

"तेच ते कसं? रिसीव्ह म्हणजे पोस्टमन आला, पाकीट हातात घेतलं. अ‍ॅक्सेप्ट म्हणजे आत जे लिहिलंय त्याला हो म्हटलं. मागणी आली म्हणजे लग्न ठरलं का साहेब?"

"बाई, मी, बत्तीस वर्षं, नोकरीत आहे."

"मी कुठे नाही म्हणते? फक्त इथे सही करा, शब्द तुम्ही सांगितलात म्हणून."

त्यांनी वहीत झोकात सही केली. तिच्यातही एक स्वल्पविराम होता.

शिक्का इतका सुबक निघाला की मारायला हात शिवशिवायचा. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे कार्यालयाच्या प्रमुख, आठवडाभर तपासणीच्या दौऱ्यावर होत्या. मी आपली धडाधड शिक्के मारत होते. मावशीचं बोलणं मी ऐकलं होतं, पण हेडक्लार्कसमोर आवाज काढायची माझी काय टाप!

पहिल्यांदा उमगलं ते टायपिस्टला. रजेच्या अर्जाची प्रत तिने दोनदा वाचली, पर्स उचलली आणि "बरंय मग" म्हणून चालू पडली. दुपारपर्यंत माझ्यापुढे रांग. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी, हेडक्लार्क, गोदामवाला आणि भिंतीवरची पाल. बाकी सगळे रजेवर.

मग गावात बोभाटा झाला. एक निवृत्त चित्रकला शिक्षक अकरा वर्षं दरमहा अर्ज देत होते, की सार्वजनिक नळापाशी सावलीत एक बाक हवं. प्रत हातात पडताच त्यांनी माझ्या टेबलाचा मुका घेतला आणि सुतारालाच घेऊन आले. एका गल्लीतल्या बायकांनी पहाटे चारचं पाणी दुपारी चारला मागितलं होतं. व्हॉल्व्हवाल्याने शिक्का पाहिला, चावी फिरवली, गल्ली भरदुपारी न्हाऊन निघाली. आणि खुद्द हेडक्लार्कनी फिरत्या खुर्चीसाठी अर्ज टाकला होता. गोदामवाल्याने शिक्का बघून खुर्ची आणून दिली.

मोठ्या बाई दौऱ्यावरून परतल्या तेव्हा ओसाड ऑफिसात हेडक्लार्क दोन्ही पाय वर घेऊन गरगर फिरत होते.

"बाकीचे कुठे आहेत?"

"रजेवर, बाई," फिरता फिरता उत्तर आलं.

"सगळे? कुणी दिली?"

खुर्ची थांबली ती नेमकी माझ्याकडे तोंड करून. मी घाबरून उभी राहिले, हात जोडायला गेले, आणि शिक्का निसटून थेट बाईंच्या पांढऱ्या बाहीवर. अ‍ॅक्सेप्टेड. ठळक, सुबक.

मावशीला बोलावणं गेलं. ती वही काखेत मारून आली आणि तिने सहीचं पान उघडून धरलं. हेडक्लार्कचा चेहरा जुन्या शिक्क्यासारखा पुसट झाला. बाईंनी सही पाहिली, मग मागचं पान, मग त्यामागचं. 'वॉच'पाशी त्यांच्या नाकातून एक चमत्कारिक आवाज आला. 'चाइल्डिश'ला त्या टेबलाला धरून वाकल्या. हसू आवरेना, मला तर रडू आणि हसू एकदमच फुटलं.

मग त्यांनी सगळे अर्ज मागवले आणि एकेक वाचत गेल्या. "यातल्या निम्म्यांना तर हो म्हणायलाच हवं," त्या म्हणाल्या. "वाचतं कोण पण?"

बाक झालं. गल्लीचं पाणी दुपारीच राहिलं. रजा मात्र पाळीपाळीने घ्यायच्या ठरल्या. खुर्ची हेडक्लार्ककडेच राहिली, पण कामाच्या वेळात न फिरण्याच्या अटीवर. मावशीला दोन शिक्क्यांची ऑर्डर मिळाली, एक मिळाल्याचा, एक मान्यतेचा, आणि दोन्ही वेगळ्या रंगाच्या मुठींचे.

निघताना हेडक्लार्क जिन्यात तिला आडवे आले. "बाई, सॉरी."

"सॉरी की अपॉलॉजी?"

"फरक, काय?"

"मला कुठे माहितीये? म्हणून तर विचारते!"

ते खाली पायरीवर बसले. ती शेजारी बसली, वही उघडली. सॉरी मनात वाटते आणि अपॉलॉजी मागावी लागते, असं ते म्हणाले. मग भाजीवाल्याचा पायावर पाय पडल्यावर तो काय म्हणतो, असं ती म्हणाली. तो काहीच म्हणत नाही, असं ते म्हणाले. पहारेकरी दारं लावायला आला तरी दोघं तिथेच, आणि इतकी हसत होती की कुणाचंच वाक्य पुरं होत नव्हतं, स्वल्पविरामापर्यंतसुद्धा पोचत नव्हतं.