पेनच्या बटणाचा आवाज

आमच्या मुलीला अनोळखी माणसांशी बोलताना शब्द सापडत नसत. डोंबिवलीतल्या एका वाचनालयात तिची नोकरीची मुलाखत ठरली, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. तयारीसाठी मी तिला ठाकुर्लीहून आठवड्यातून दोनदा कोपरीच्या एका केंद्रात नेऊ लागलो.

तिथे डोळ्यांवर व्हीआरचा जाड चष्मा चढवत आणि बोटाला नाडी मोजणारी क्लिप लावत. चष्म्यात मुलाखत घेणाऱ्या एक बाई दिसत. मुलीची धडधड वाढली की चष्म्यातल्या खोलीत धुकं भरे आणि बाई पुसट होत. तिने श्वास लांबवला, नाडी उतरली, की धुकं विरे आणि बाई पुढचा प्रश्न विचारत. शिकवणाऱ्या ताईंसमोरच्या स्क्रीनवर तीच नाडी हिरव्या रेषेत दिसे.

मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून रेषा बघे.

तिसऱ्या खेपेला बाईंनी विचारलं, "तुम्हाला पुस्तकं का आवडतात?" मुलगी सांगू लागली. कांजिण्या झाल्या होत्या तेव्हा आईने वाचून दाखवलेलं पुस्तक, त्याचं फाटलेलं मुखपृष्ठ, ते दोघींनी खळ शिजवून कसं चिकटवलं. मला यातलं काही माहीत नव्हतं. रेषा शांत होती. मग एकदम उसळली आणि मुलगी थांबली.

ताईंनी क्लिप बदलली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा त्यांनी स्क्रीनवरची नजर काढून माझ्या हाताकडे पाहिलं.

"काका, ते पेन जरा ठेवाल?"

मी एकतीस वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर काढली. मजकूर लांबला की माझा अंगठा बॉलपेनच्या बटणावर जाई. नवे वार्ताहर एकमेकांना म्हणत, "पेन वाजलं रे, गेला तुझा शेवटचा पॅरा." मीही हसे. घरी मुलगी शाळेतलं काही सांगू लागली की तेच पेन वाजे आणि मी विचारी, "मुद्दा काय?" बायको म्हणे, "अहो, पोरगी आहे ती, बातमीची कॉपी नाही."

मी पेन खिशात ठेवलं. रेषा खाली आली. मुलगी पुन्हा बोलू लागली, चांगली मोकळी.

एका पुराव्यावर बातमी छापायची नाही, हे मी सगळ्यांना शिकवलं होतं. मी खिशात हात घातला आणि बटण एकदाच दाबलं.

रेषा उसळली. चष्मा लावलेल्या मुलीला मी दिसत नव्हतो. ती समोरच्या बाईंना म्हणाली, "सॉरी. थोडक्यात सांगते."

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मी उठून बाहेर चपलांच्या स्टँडजवळ जाऊन बसलो. पुढच्या प्रत्येक खेपेला तिथेच बसलो.

मुलाखतीला तिच्याबरोबर तिची आई गेली. दोघी परतल्या तेव्हा मी हॉलमध्ये होतो. स्वयंपाकघरातून मुलीचा आवाज येत होता. "अगं आई, त्यांच्याकडे मांजर आहे! कार्डांच्या खणात झोपते. मी खण उघडला तर माझ्यावरच गुरगुरली. मुलाखत घेणारे सर म्हणाले, हिला पटलात तर नोकरी पक्की." बायको हसत होती. मुलगी किती वेळ बोलत होती, ते मी घड्याळात पाहिलं नाही.

मी दारात गेलो. बोलणं थांबलं.

"काय झालं मुलाखतीचं?"

"मिळाली नोकरी. सोमवारपासून."

"अजून सांग ना," मी म्हणालो. "सगळं सांग."

तिने माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिलं. खिसा रिकामा होता. त्या दिवसापासून रिकामाच होता.

"एवढंच, बाबा," ती म्हणाली.