सगळ्यांइतकाच बोजारा

आमच्या गावाला देण्याची भारी हौस. कोणाचं घर जळालं तर संध्याकाळपर्यंत तांदूळ, भांडी, चादरी सगळं दारात हजर. म्हणून नऊ वर्षांची पोरगी सांभाळायला घरी आणली तेव्हा आमचे हे म्हणाले, "पाह्यजो तू, तिले काई कमी पडू देनार नाई गाव." कमी पडलंच नाही. जास्त झालं, तीच तर पंचाईत!

तिची आई वारलेली, बाप अंथरुणाला खिळलेला. चंद्रपूरला बालगृहात होती, तिथून आमच्याकडे आली. दत्तक नव्हे, बाप उठेपर्यंत घरच्या लेकरासारखं सांभाळायचं. मला मावशी म्हणायची, पण इतकं हळू, की मला दोनदा विचारावं लागायचं.

झेंडावंदनाला मंडळींनी तिला स्टेजवर बोलावलं. दप्तर, छत्री, फ्रॉक, वर नवीकोरी सायकल. माइकवर कोणीतरी म्हणालं, "या अनाथ बालिकेला..." आणि टाळ्या! बाप जिवंत असलेली पोरगी अनाथ? माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! तिथंच ओरडणार होते, पण तिनं माझा पदर घट्ट धरून ठेवला होता. घरी आल्यावर सायकलीला तिनं हातही लावला नाही. जेवताना म्हणाली, "मावशी, मले वापस सोडून दे ना. तिथं सगळेच सारखे होते."

पोळा झाला की बालगृहाच्या बाई चौकशीला येणार होत्या. पोरगी जाते म्हणाली की नेणार. तोवर माझा जीव तिच्यात पुरता अडकला होता हो, खोटं कशाला सांगू?

मग तान्हा पोळा आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार जातात आणि प्रत्येक घर त्यांना बोजारा देतं. कुठे नाणं, कुठे चॉकलेट. ते मागणं नव्हे, बैलाचा मान असतो. मला वाटलं, बरं झालं, आज तरी ती चारचौघांसारखी फिरेल. माळ्यावरून माझ्या आता मोठ्या झालेल्या लेकाचा जुना लाकडी बैल काढून दिला आणि तिच्या मागे मागे गेले.

पहिल्याच घरी बाकी पोरांना एकेक चॉकलेट, हिला अख्खा डबा. दुसरीकडे त्यांना नाणं, हिला नोट आणि वर नवा टॉवेल. "घे वं माय, तुले कोन हाय!" कोणाचं मन वाईट नव्हतं, पण एकाला तरी अक्कल असावी की नाही? पोरं तिच्याकडे टकामका बघायला लागली. ती सरकत सरकत पार रांगेच्या शेवटी गेली. मला रडू आवरेना.

शेवटचं घर आमच्या शेजारणीचं. म्हातारी महाखट. आमची कोंबडी अंगणात गेली तरी सात पिढ्यांचा उद्धार करते. तिनं चष्मा वर करून हिचा बैल पाहिला.

"हा बैल हाय का बकरी? ना रंग, ना बेगड! घरी कोनाले लाज हाय का नाई?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हातारीनं सगळ्यांच्या हातावर एकेक चॉकलेट ठेवलं. हिच्या हातावरही एकच.

"पुढच्या साली असाच आनला त काई भेटनार नाई. पय आता घरी!"

पोरगी खुदकन हसली. ते चॉकलेट तिनं तिथंच तोंडात टाकलं. बाकी सगळं पिशवीत तसंच पडून होतं.

दुसऱ्या दिवशी मी घरोघरी जाऊन बोलले. द्यायचं तर मुकाट्यानं माझ्याकडे आणून द्या. ती दारात आली की बाकीच्यांइतकंच द्या. काही फुगले. बहुतेकांना पटलं. सायकल शाळेत ठेवली, ज्याला लागेल त्यानं चालवावी.

बालगृहाच्या बाई आल्या तेव्हा मी चुलीपाशी चहा ठेवत होते, कान सगळे बाहेर. त्यांनी विचारलं, "काय गं, यायचं का परत?"

चहा उतू गेला तरी मला कळलं नाही.

मग ती म्हणाली, आणि या वेळी हळू नाही, "नाई जमनार बाई. मले बैल रंगवाचा हाय. नाई त पुढच्या पोळ्याले शेजारची आजी बोजारा देनार नाई."